खंडेनवमीची बंदूक

"तुमच्या त्या शेगडीतली राख कुठं टाकता गं?" सासूबाईंनी विचारलं.

शेगडी म्हणजे मागच्या अंगणातलं बार्बेक्यू. मी एका हातानं डबा भरत होते आणि दुसऱ्या हातानं गाडीची किल्ली शोधत होते.

"तिथंच पडलेली असते, आई. का हो?"

"जरा लागायची हुती. आन् चिंच हाय का घरात?"

"वरच्या फडताळात, डाव्या हाताला."

"बास. जा तू, उशीर हुईल तुला."

मी गेले. राख भांड्यांना आणि चिंच आमटीला, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. सासूबाईंना कराडहून पेनसिल्व्हेनियात येऊन महिना होत आला होता आणि आमचा भांड्यांचा हिरवा साबण पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. "नुसता फेस. किटण हाय तिथंच हाय," असं म्हणत त्यांनी माझे सगळे तवे आणि कढया मीठ-लिंबानं घासून अशा काही चकचकीत केल्या होत्या, की शेजारची बाई विचारून गेली, नवीन भांडी कुठून आणलीस म्हणून.

त्या दिवशी खंडेनवमी होती हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. सासूबाईंनी बॅगेतून आणलेलं मराठी कॅलेंडर फ्रीजवर लावलेलं होतं, पण माझी त्याच्याशी ओळख एकादशीपुरती, तीही साबुदाण्याच्या लोभानं. सासूबाईंचं तसं नव्हतं. सासरे साखर कारखान्यात फिटर होते आणि त्याआधी पिढ्यान्पिढ्या घरात लोहारकाम. खंडेनवमीला त्यांच्या घरी घण, हातोडे, पाने, कानशी, एवढंच काय, विळीसुद्धा घासूनपुसून पाटावर बसायची. हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही. आणि मळकं हत्यार पाटावर ठेवणं म्हणजे आंघोळ न करता देवघरात जाण्यासारखं.

आता आमच्या घरातल्या हत्याराबद्दल सांगायला हवं.

माझ्या नवऱ्याला, दिगंबरला, बंदुकांचा नाद होता. उडवायचा नव्हे, जमवायचा. जुन्या ठासणीच्या बंदुका, ज्यांच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची आणि चाप ओढला की चकमकीचा दगड पोलादावर आपटून ठिणगी पडायची. त्यातही त्याला अखंड, एका कारखान्यात जन्मलेल्या बंदुका नको असत. इंग्रजांशी लढताना अमेरिकनांकडे बंदुका पुरेनात, तेव्हा गावोगावचे लोहार-सुतार मोडक्या बंदुकांचे तुकडे गोळा करून नव्या बांधायचे. नळी इंग्रजांच्या बंदुकीची, चकमकीचा खटका फ्रेंचांच्या, लाकडी दस्ता गावातल्याच मेपलचा. अशा जोडून केलेल्या बंदुका तो शोधत फिरायचा. मी त्यांना गोधडी बंदुका म्हणायचे.

"हसू नकोस," तो एकदा म्हणाला होता. "हा देशच असा झालाय, इकडचं तिकडचं जोडून. मला इथं कुणी 'मूळचा कुठला' असं विचारलं ना, की मी त्याला ही बंदूक दाखवतो."

मग मी हसले नव्हते. त्याचं म्हणणं खरं होतं आणि तो ते मनापासून म्हणाला होता, हे मी आजही नाकारणार नाही.

या नादात एक गोम होती. बंदूक दोनशे वर्षांपूर्वी जोडलेली असेल तर ती ठेवा. पण तेच जुने तुकडे कुणी तीस वर्षांपूर्वी आपल्या गॅरेजमध्ये बसून जोडले असतील तर ते भंगार. तुकडे तर दोन्हींत जुनेच. मग ओळखायचं कसं? मळावरून. दोनशे वर्षांचं तेल, गंज, घाम, चुलीचा धूर हे सगळं नळीवरून पितळेवर, पितळेवरून लाकडावर, जोड ओलांडून सलग पसरलेलं पाहिजे. पिकल्या मिशांचे म्हातारे तासन्तास भिंग लावून तो मळ बघत आणि त्याला आदरानं 'पटिना' म्हणत. आमच्याकडे त्याला किटण म्हणतात.

जिल्ह्यातल्या अशा म्हाताऱ्यांचा एक क्लब होता. दिगंबर तिथं कित्येक वर्षं पाहुणा म्हणून जायचा. त्यांच्या खुर्च्या लावायचा, त्यांना समोसे खाऊ घालायचा. ते त्याला 'डिग' म्हणायचे. पण पूर्ण सभासद व्हायचं तर शरदातल्या प्रदर्शनात स्वतःच्या पारखीनं मिळवलेली एक वस्तू मांडावी लागे, आणि हॅरॉल्ड नावाचे एक निवृत्त मास्तर ती तपासत. हॅरॉल्डनी मान हलवली की झालं. त्याआधीच्या हिवाळ्यात दिगंबरनं एका शेतावरच्या लिलावातून अशी बंदूक आणली होती. कुणालाही न विचारता, स्वतःच्या नजरेवर. ती घरी आणली त्या दिवशी तो जेवला नाही, नुसता बघत बसला. तिला तो सुती हातमोजे घालून उचलायचा. धूळ झटकायला माझा गालाला पावडर लावायचा मऊ ब्रश पळवला होता, तो मला परत मिळालाच नाही.

प्रदर्शन त्या शनिवारी होतं.

मी वाचनालयातलं काम संपवून घरी आले तर दारातच उदबत्तीचा वास. आत गवत कापायचं यंत्र हळदकुंकू लावून भिंतीशी उभं केलेलं. मला हसू आलं. मग माझी सुरी, कात्री, दिगंबरचे स्क्रूड्रायव्हर, सगळे ओळीनं मांडलेले. आणि मधोमध, कॉफीच्या टेबलावर सासूबाईंचा हिरवा खण अंथरून, त्यावर ती.

मी ती आधी ओळखली नाही. नळी चांदीसारखी झाली होती. दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी तर घडवून आणलेल्या पाटल्यांसारखी झळझळत होती. लाकडावर हळदकुंकवाची पाच बोटं.

"बघ कशी निघाली!" सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सकाळधरनं बसल्याय. मनगटं गेली माझी."

"आई..."

"किती किटण गं पोरी! आन् पानी कसलं गेलं, तांबडंलाल, रंग लावल्यावानी. म्हटलं, येवढ्या हौसेनं आनलेलं हत्यार, आन् आमचं पोरगं साधी धूळ पुसत न्हाई. त्येचा बाप असता तर पायताण काढलं असतं. आता बघ, नळीचा जोड बी कसा साफ दिसाया लागलाय."

जोड या शब्दाचं मला काही वाटलं नाही. त्या बंदुकीत जोडांशिवाय दुसरं होतं काय?

"आई, बसा जरा," मी म्हणाले. "तो मळ त्यानं मुद्दाम ठेवला होता."

त्या हसल्या. "मळ कोन मुद्दाम ठेवतंय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. दोनशे वर्षं, हॅरॉल्ड, शनिवार. त्या ऐकत होत्या, मान डोलवत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणं तसंच होतं. एवढ्यात गाडीचा आवाज आला.

दिगंबर आत आला तो उदबत्तीच्या वासानं खूष होऊनच. "वा! आज काय, सत्यनारायण?" असं म्हणत बूट काढायला वाकला. एक बूट काढला. मग त्यानं वर पाहिलं.

"ये दिगू, तुझ्यासाठीच थांबल्याय. नारळ फोड."

तो एका बुटानिशी तसाच पुढे आला. खणावरून बंदूक उचलली. झेंडूची फुलं खाली पडली, नारळ गडगडत सोफ्याखाली गेला. त्यानं हातमोजे घातले नव्हते. खिडकीशी नेऊन त्यानं टेबलावरचा दिवा लावला आणि भिंग डोळ्याला लावलं. नळी हळूहळू फिरवत तो बघत राहिला. एका ठिकाणी थांबला. नखानं खरवडून पाहिलं. पुन्हा भिंग. पुन्हा नख. त्याच्या मानेवरून घाम खाली उतरताना मला दिसला.

"काय बगतोय?" सासूबाईंनी हळूच मला विचारलं.

मला वाटलं, तो आता रडणार. पण त्यानं भिंग खाली ठेवलं, तोंडावरून हात फिरवला, आणि आमच्याकडे वळला तेव्हा तो अगदी शांत होता. त्या शांतपणाचाच मला त्या वेळी धसका बसला. माणसाला मोठा धक्का बसला की असं होतं, असं मी ऐकून होते.

"आई, हे काय केलंस तू?"

"पूजा केली रं. खंडेनवमी न्हाई का?"

"दोनशे वर्षं होती हिच्यावर. तू ती चिंचेनं धुऊन टाकलीस. आता ही भंगार आहे. कळतंय? भंगार."

"आरं, भंगार कशानं? लख्ख झालीया की."

"लख्ख!" तो ओरडला नाही, नुसता तो शब्द परत म्हणाला.

सासूबाईंचा चेहरा आता कुठं उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला काय ठावं, दिगू. परत काळी पडंल की. पितळ काय, दोन पावसाळ्यांत काळं पडतंय."

"नाही पडणार. त्याला दोनशे वर्षं लागतात."

"दिगंबर," मी म्हणाले, "बंदूक आहे ती. ही आई आहे तुझी."

"तू मधे पडू नकोस."

"का नको पडू? दिवसभर राबल्यात त्या. मनगटं बघ त्यांची. तुला ओरडायचं तर माझ्यावर ओरड, राख मी दाखवली, चिंच मी दाखवली."

"तुला माहीत नव्हतं. तिनं विचारायला हवं होतं." मग आईकडे वळून तो म्हणाला, "आजपासून या घरात कशालाही हात लावायचा नाही. लावायच्या आधी विचारायचं."

मी आणखी बोलणार होते, पण सासूबाईंनीच माझा दंड धरला. "शैला, गप. चूक माझी हाय." त्यांनी वाकून फुलं वेचली. सोफ्याखालच्या नारळापर्यंत त्यांचा हात पोचेना. मी काढून दिला. तो फोडायला कुणी राहिलं नाही. मोरीत जाऊन त्या कितीतरी वेळ हात धूत होत्या. चिंच आणि किटण नखांत जाऊन बसलं होतं, ते काही निघालं नाही.

शनिवारी मला वाटलं, आता हा प्रदर्शनाला जायचा नाही. पण तो गेला आणि आम्हा दोघींनाही घेऊन गेला. बंदूक मात्र नेली नाही. ती त्यानं चादरीत गुंडाळून तळघरात ठेवली होती. त्यानं नेला तिचा लिलावानंतर काढलेला मोठा फोटो, काळीकुट्ट, मळकी, सुंदर. तो रिकाम्या लाकडी स्टँडवर टेकवून ठेवला आणि शेजारी खुर्चीवर आईला बसवलं.

आणि गोष्ट सांगितली. दिगंबर गोष्ट सांगायला चांगला होता. खंडेनवमी काय असते, कराडची लोहारकी, बार्बेक्यूची राख, चिंच. 'चिंच' म्हणजे काय ते सांगताना त्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. म्हातारे आधी हळहळले, मग हसले, मग पुन्हा हळहळले. हॅरॉल्ड फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "बघवत नाही, डिग. बंदूक आणू नकोस, मला बघायचीसुद्धा नाही." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग सासूबाईंसमोर वाकून त्यांचा हात हातात घेतला आणि काहीतरी प्रेमानं बोलले.

"काय म्हनला?" सासूबाईंनी मला विचारलं.

हॅरॉल्ड म्हणाले होते, 'तर या त्या बाई.' मी म्हणाले, "तब्येत विचारली."

दिवसभर लोक येऊन त्यांच्याकडे बघून जात होते. त्यांनी नऊवारी नेसली होती, तीत त्या ताठ बसल्या होत्या, आणि येईल त्याला हात जोडत होत्या. दोन्ही हात बाकीच्या वेळात मांडीवर. चहाचा कागदी पेला पुढे आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "घेऊ का?"

त्या संध्याकाळी दिगंबर क्लबाचा पूर्ण सभासद झाला. वस्तू न मांडता झालेला तो पहिलाच, असं सगळे म्हणत होते.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दिवाळीआधीच, "मला करमंना," म्हणून कराडला नणंदेकडे परत गेल्या. राहिल्या त्या दिवसांत त्यांनी माझ्या एका कढईलाही हात लावला नाही. मी, "आई, भाजी चिरता का?" असं मुद्दाम म्हणायचे, तर त्या विचारायच्या, "कोनची सुरी घ्यू?" विमानतळावर दिगंबर त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढाच काय तो न विचारता.

त्यानंतर दर दसऱ्याला त्यांचा फोन यायचा. आधी माझी चौकशी, मग हवापाणी, आणि मग आवाज खाली आणून, "दिगूला दे जरा." फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मला ऐकू यायचं.

"दिगू, काळी पडली का रं?"

"नाही आई. सांगितलं ना, त्याला दोनशे वर्षं लागतात."

"बरं बरं."

पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. मी एकदा त्याला म्हणाले, खोटं का होईना, पडली म्हणून सांग ना. त्यावर तो म्हणाला, "उगाच काय खोटं बोलायचं?"

गार्गी झाल्यावर मी तिला घेऊन कराडला गेले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, खूप थकल्या होत्या. मी गार्गीला त्यांच्यासमोर धरलं. त्यांचे डोळे भरून आले. हात उचलले, आणि मांडीपासून वीतभरावर तसेच थांबवले.

"हात लावू का गं?"

"अहो आई, असं काय विचारता? तुमचीच नात आहे."

"न्हाई, विचारलेलं बरं. तुमची येकेक वस्तू लाखमोलाची."

मी गार्गीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. परतल्यावर हे मी दिगंबरला सांगितलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं."

इकडे ती गोष्ट फुलत गेली. क्लबात नवा माणूस आला की कुणीतरी म्हणायचं, "डिग, आईची गोष्ट सांग." गोष्टीत आता आईनं हेल काढून एक गाणंही म्हणायला सुरुवात केली होती, जे तिनं कधी म्हटलं नव्हतं. फोटो आमच्या दिवाणखान्यात दिव्याखाली लागला. पुढे दिगंबर क्लबाचा अध्यक्ष झाला.

सासूबाई गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. दिगंबरला रजा मिळाली नव्हती. दवाखान्यात मी फोन त्यांच्या कानाला धरला. बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी विचारलंच, "दिगू, काळी पडली का रं?"

"आई, तू आता ते डोक्यातून काढ," तो म्हणाला.

त्या वेळी ते मला मायेचं वाटलं. त्यांनी फोन माझ्या हाती परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

गेल्या वर्षी दिगंबर निवृत्त झाला. गार्गी शिकायला दूर गेलेली, घर मोठं झालेलं. लहान घरात जायचं ठरलं आणि बंदुका विकायचं ठरलं. केटी नावाची एक तरुण मुलगी दुसऱ्या राज्यातून बंदुका पारखून घ्यायला आली. दिवसभर ती एकेक वस्तू हातात घेऊन नीट बघत होती. शेवटी तळघराच्या कोपऱ्यातली चादरीची गुंडाळी तिच्या नजरेस पडली.

"ही?"

"ती विकायची नाही," दिगंबर घाईनं म्हणाला. आणि मग, सवयीनं, गोष्ट सुरू केली. खंडेनवमी, राख, चिंच. तिनं ऐकता ऐकता चादर सोडली होती. टाळ्याला जीभ लावायची वेळ आली तोवर तिनं नळीवर टॉर्च मारला होता.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या आईंनी काहीच बिघडवलेलं नाही. हे बघा."

तिनं मलाही बोलावलं. नळीच्या मध्यापाशी एक फिकट कडं होतं, बांगडीएवढं, सबंध नळीभोवती. दोन अर्ध्या नळ्या गॅस वेल्डिंगनं जोडून, घासून, वरून रंग आणि मळ चढवला होता, तिनं सांगितलं. असा जोड दोनशे वर्षांपूर्वी कुणाला येतच नव्हता. कुठल्यातरी गॅरेजमध्ये बसून केलेली बंदूक. "मळ असता तर कुणालाच कळलं नसतं," ती म्हणाली. "ज्यांनी घासली त्यांचे आभार माना."

"हो," दिगंबर म्हणाला. "माहीत आहे मला."

केटी खोकी आणायला गाडीकडे गेली. मी मराठीत विचारलं, "कधीपासून?"

"काय?"

"कधीपासून माहीत आहे?"

तो चादरीची घडी घालत होता. "त्याच दिवशी. भिंग लावलं तेव्हाच."

मला खिडकी आठवली, दिवा, नखानं खरवडणं, मानेवरचा घाम. आणि मग तो शांतपणा. तो धक्का नव्हता. तेवढ्या वेळात त्यानं ठरवून टाकलं होतं.

"मग आईंना 'आता ही भंगार आहे' म्हणालास ते?"

"शनिवारवर आलं होतं, शैला. हॅरॉल्डनी पहिल्या नजरेत ओळखलं असतं. इतकी वर्षं त्यांच्या खुर्च्या लावल्या मी. सगळे म्हणाले असते, बघा, आला हा इंडियातून आमच्या बंदुका पारखायला, आणि एका गॅरेजवाल्यानं गंडवला. मला पुन्हा तोंड दाखवता आलं असतं तिथं?"

"क्लबाला नको सांगू. आईला सांगायचंस. एकदा. फोनवर."

"ती चार लोकांत बोलली असती. तुला माहीत आहे तिचं तोंड."

"तिचं तोंड? दिगंबर, ती मरेपर्यंत एकच प्रश्न विचारत होती तुला."

"आता गेलेल्या माणसाचं काय उकरतेस? आणि ती एवढं मनाला लावून घेणारी नव्हती."

"गार्गीला हात लावायला विचारलं होतं तिनं मला."

त्यानं चादरीची कोपऱ्याला कोपरा लावून नीट घडी घातली आणि वर निघून गेला.

मी बंदूक उचलून तळघराच्या खिडकीशी नेली. पितळी पट्टी काळी ठिक्कर पडली होती. दोन पावसाळ्यांत पडतं तसं, केव्हाच पडलं असणार. त्याचं येणंजाणं रोज त्या तळघरात होतं.

शनिवारी त्याचा निरोपसमारंभ होता, आमच्याच घरी. सगळा क्लब येणार होता. हॅरॉल्ड आता व्हीलचेअरवर, पण तेही येणार होते. दिवाणखान्यात फोटोवरचा दिवा त्यानं आदल्या दिवशीच पुसून ठेवला होता. नवरात्र चालू होतं. शुक्रवारी सकाळी मी चिंच भिजत घातली, मागच्या अंगणातून राख आणली, आणि बंदूक मोरीत आडवी घेतली. सुतळी आणि दोन खिळे बाजूला काढून ठेवले होते. फोटोच्या जागी ती टांगायची, ते कडं बरोबर दिव्याखाली येईल अशी.

दिगंबर कॉफीचा मग घेऊन दारात आला. काय चाललंय ते त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"शैला, हात लावू नकोस तिला."

"मी विचारलं नाही तुला," मी म्हणाले, आणि चिंचेचा पहिला बोळा त्या जोडावरच फिरवला.